फुंकणीमास्तरांचा फिल्टर

फुंकणीमास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. 'मास्तर' ही पदवी त्यांना गॅरेजच्या गल्लीनं दिली आणि 'फुंकणी' त्यांच्या कामानं. चूल धुमसत असली की फुंकणीनं वारा घालायचा, म्हणजे जाळ होतो. मास्तर चाळीस वर्षं तेच करत आले, फक्त चुलीऐवजी गाडीच्या इंजिनात. इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं एक यंत्र असतं. कंपनीच्या कागदावर त्याला सुपरचार्जर म्हणतात, गॅरेजात नुसतं ब्लोअर. तो बसवण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे ते नाकावर माशी बसू देत नसत. आता एवढी कला हातात असल्यावर थोडा तोरा असायचाच. आपण तो सोसावा.

गिऱ्हाईक नवं असलं की मास्तर त्याच्या हातात आधी एक नळी देत. सरबत प्यायची असते ना, तसली. नाक दाबायचं, नळी तोंडात धरायची, तिच्यातून येईल तेवढाच श्वास घ्यायचा आणि गॅरेजच्या माळ्याचा जिना चढून यायचं. सोळा पायऱ्या. भल्याभल्यांना नवव्या पायरीवर घाम फुटायचा. एक पैलवान गडी तर अकराव्या पायरीवरून मागे फिरला आणि कठड्याला धरून बसला.

मग मास्तरांचं प्रवचन सुरू. हे तुमचं इंजिन, ते सांगत. पायांत ताकद आहे, पोटात जेवण आहे, मग अडलं कुठं? हवेपाशी. पेट्रोल हवं तेवढं ओता, ते जाळायला हवा नको का? साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपसूक ओढली जाईल तेवढ्यावर भागवतं, म्हणून चढ आला की त्याला धाप लागते. ब्लोअर कुणी ओढायची वाट बघत बसत नाही. तो बाहेरची हवा दाबतो आणि आत ढकलतो. हवा दीडपट, म्हणून पेट्रोल दीडपट, म्हणून जाळही दीडपट, आणि तेवढंच इंजिन आपल्याहून मोठ्या इंजिनाला मागे टाकतं. बरं, त्याला फिरवायला वेगळी मोटर नाही. इंजिनच त्याला पट्ट्यानं फिरवतं, म्हणजे तो थोडी ताकद स्वतः खातो. हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की मास्तर विचारत, थोडं खातो आणि दुप्पट कमावून आणतो, असा जावई मिळाला तर नको म्हणाल का?

पण जावई देण्याआधी ते मुलगी बघत. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दाबाचं मीटर लावून ते आतून किती धड आहे हे तपासत. झिजलेलं इंजिन असलं तर कितीही गयावया करा, ब्लोअर मिळायचा नाही. एक दातांचे डॉक्टर त्यांच्या वडिलांची जुनी गाडी घेऊन चार वेळा आले. मीटर चारही वेळा तेच सांगत होतं. मास्तरांनी सरळ सांगितलं, की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असल्या इंजिनात हवा कोंबली तर ते पळणार नाही, फुटेल. दातवाले बिचारे म्हणाले, बाबांची गाडी आहे हो, निदान प्रयत्न तर करून बघा. मास्तर हसले. प्रयत्नानं पिस्टन सांधत नाही, म्हणाले. ते हसणं पुढं त्यांना फार आठवलं.

गॅरेजच्या माळ्यावर मास्तरीणबाई असायच्या. मास्तरांची बायको म्हणून मास्तरीणबाई, एरवी त्यांचाही शाळेशी संबंध नव्हता. त्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या. चामडं, फोम, चिकटवायचा गोंद, जाड सुईचं मशीन आणि खालून येणारा धूर, यात त्यांची तीस वर्षं गेली. दोघांचं दिवसभर वरून खाली, खालून वर भांडण चालायचं आणि गल्लीला त्याचं कौतुक होतं. मूलबाळ नव्हतं. होती ती एक लहानशी राखाडी गाडी. मास्तरांनी तिला ब्लोअर बसवला होता, बाईंनी तिला गडद लाल सीटा शिवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी दोघं गावामागच्या डोंगराचा घाट चढायची. शेवटच्या वळणावरचा चढ असा, की मोठमोठ्या गाड्या तिथं कण्हायच्या. मास्तर तिथं पाय दाबत, ब्लोअरची बारीक शिट्टी चढत जायची आणि ही खेळण्याएवढी गाडी सगळ्यांच्या पुढं निघून जायची. बाई दर वेळी टाळी वाजवायच्या. ऐकलंत का, तुमच्या लेकानं शिट्टी मारली, म्हणायच्या. बावीस वर्षं तोच घाट, तीच टाळी आणि तोच विनोद, पण मास्तरांना त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग बाईंना खोकला लागला. आधी साधा वाटला. मग सोळा पायऱ्या एका दमात होईनात, मग आठ, मग चार, आणि एक दिवस त्या जिन्याच्या तळाशीच स्टुलावर बसून राहिल्या. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, स्पंजाचं चामडं व्हावं तशी. गोंदानं झालं, धुरानं झालं की धुळीनं, ते सांगता येणार नाही. बरं होण्यातलं नाही, सांभाळण्यातलं आहे. दिवसभर नाकाला ऑक्सिजनची नळी आणि सकाळ-दुपार-रात्र काही तास तोंडावर मास्क लावून हवा दाबून देणारं एक मशीन.

'म्हणजे ब्लोअर,' मास्तर म्हणाले.

डॉक्टरांना बरं वाटलं, की एवढं चटकन समजणारा माणूस भेटला. पण मास्तरांना फारच समजलं होतं, हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मशीन आलं म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला असता. मास्तरांनी विचारलं, दाब थोडा वाढवला तर? डॉक्टर म्हणाले, फुप्फुसच घेत नसेल तर दाब वाढवून काय होणार, उलट इजा व्हायची. आणि तेव्हा, चाळीस वर्षं लोकांना नाही म्हणणारा हा माणूस त्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाला, निदान प्रयत्न तर करून बघा. डॉक्टर हसले नाहीत. ते चांगले गृहस्थ होते.

त्या दुपारी गॅरेजात कुणी नसताना मास्तरांनी खणातली एक नळी काढली, नाक दाबलं आणि जिना चढायला घेतला. सातव्या पायरीवर ते थांबले. आपण आता नळी काढून टाकू शकतो, बायको नाही टाकू शकत, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि मग ते बराच वेळ पायरीवर बसून रडले. नंतर त्यांनी गिऱ्हाइकांना नळी देणं बंद केलं. लोक विचारायचे, मास्तर, नळी कुठं गेली? संपल्या, ते सांगायचे.

बाईंचं मागणं एकच होतं. एकदा घाट चढायचा, त्याच गाडीतून. डॉक्टरांनी हिशोब सांगितला. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, तो सलग आठवडाभर नव्वदच्या वर राहिला तर लहान सिलिंडर बरोबर घ्या आणि खुशाल जाऊन या. पण पंच्याऐंशीच्या खाली उतरला तर दवाखान्यात आणायचं. आणि तिथून परत घरी येणं, ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. हे 'तेव्हाचं तेव्हा' म्हणजे काय ते दोघांनाही समजलं. 

मास्तर कामाला लागले. मागच्या सीटपाशी सिलिंडर उभा राहील अशी लोखंडी कडी त्यांनी बसवली. तिचा पट्टा बाईंनी अंथरुणात बसून हातानं शिवला. दिवसाला चार टाके, कधी पाच. आणि मशीनची देखभाल मास्तरांनी स्वतःकडं घेतली. मशीन घेऊन आलेली कंपनीची मुलगी, भराभर बोलणारी आणि मोठी पिशवी खांद्याला लावणारी, तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. मशीनच्या मागं हवा आत घ्यायच्या जागी एक फोमचा फिल्टर असतो, तो आठवड्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवायचा. मास्तरांनी मान हलवली आणि अर्ध्या कानानं ऐकलं. अहो, ज्यानं जन्मात दहा हजार एअर फिल्टर साफ केले त्याला फिल्टर शिकवायचा? मुलगी कालची, आणि शिकवते कुणाला!

तर मास्तर काय करत, फिल्टर कागदात गुंडाळून खिशात घालत, गॅरेजात नेत आणि कॉम्प्रेसरच्या बंदुकीनं हवा मारून साफ करत. चाकात हवा भरतात तोच कॉम्प्रेसर. फुस्स केलं की सगळी धूळ साफ, फिल्टर नवा कोरा. कुठल्याही गॅरेजात असंच करतात, यात चूक काढायला जागा नाही. फक्त एक गोष्ट. जुना कॉम्प्रेसर हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा फेकतो, दिसणारही नाही इतका बारीक. गाडीचं त्यानं काही बिघडत नाही. उलट ब्लोअरच्या फिल्टरला मास्तर मुद्दाम तेलाचा हात लावत, धूळ चिकटून राहते म्हणून. त्यामुळे तेल म्हणजे वाईट, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही. कसा शिवणार? तेलानं त्यांचं सगळं भलंच केलं होतं.

पहिले पाच दिवस आकडा एक्क्याण्णव राहिला. मास्तर पोरासारखे खूश. दोनच दिवस उरले होते तेव्हा बाईंना नवा, कोरडा खोकला सुरू झाला आणि आकडा एकोणनव्वदवर आला. मास्तरांनी विचार केला, इंजिनाला धाप लागली तर आधी काय बघायचं? फिल्टर. म्हणून त्यांनी तो आठवड्यातून दोनदा साफ करायला घेतला. आकडा अठ्ठ्याऐंशी. मग एक दिवसाआड. आकडा शहाऐंशी. मग रोज. रोज सकाळी हा माणूस लगबगीनं गॅरेजात जायचा, बंदूक चालवायचा, फिल्टर उजेडाकडे धरून बघायचा आणि पंधरा मिनिटांत घरी परतायचा. बाई तोवर नाकातल्या नळीवर भागवायच्या. झालं का, त्या विचारायच्या. झालं, नवा कोरा, मास्तर म्हणायचे आणि फिल्टर टक्कन बसवायचे. मग बाई स्वतः मास्क ओढून घ्यायच्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मशीनवाली मुलगी तपासणीला आली. दुपारची वेळ. तिनं मागचं झाकण काढलं, फिल्टर हातात घेतला, नाकापाशी नेला, आणि तिचं भराभर बोलणं एकदम थांबलं. पिशवीतून कोरा कागद काढून तिनं त्यावर फिल्टर दाबला. कागदावर तेलाचा डाग उमटला, पलीकडचं दिसेल असा.

'हा साफ कोण करतं?' तिनं विचारलं.

मास्तर तोंड उघडतात तोच बाईंनी मास्क बाजूला केला. 'मी करते,' त्या म्हणाल्या. 'शिलाई मशीनचं तेल लागलं असेल हाताला.'

शिलाई मशीन गॅरेजच्या माळ्यावर होतं आणि बाई चार महिन्यांत तिकडं फिरकल्या नव्हत्या. घरात शिलाई मशीन नाही, एवढं मुलीला दिसत होतं. ती मास्तरांकडे बघत राहिली.

'मी करतो,' मास्तर म्हणाले. 'कॉम्प्रेसरनं.'

मुलीनं हळू आवाजात समजावलं, की ते तेल फिल्टरमध्ये बसतं आणि तिथून थोडं थोडं हवेबरोबर आत जातं, धड छातीलासुद्धा ते सोसत नाही. पण सगळं त्यानंच झालं असं नाही, काका, आजारही वाढत असतो, ती म्हणाली. तिनं पाकिटातला नवा फिल्टर काढून बसवला आणि जाताना सांगितलं, की आता मशीनला तुम्ही हात लावू नका, मीच येत जाईन. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. गॅरेजात कुणी असला घोटाळा केला असता तर मास्तरांनी त्याला आडवातिडवा झाडला असता, आणि झाडून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा होऊन कामाला येतो. मास्तरांना कुणी झाडलंच नाही. छातीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. कदाचित तेलानं, कदाचित आजारानं, सांगता येत नाही. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, आणि वर ते आपल्यामुळं झालं की नाही हेही कुणी सांगू नये. चिमट्यावर चौऱ्याऐंशीचा आकडा होता. डॉक्टरांनी सकाळी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मास्तर पलंगाशेजारी बसले होते. हात मांडीवर. त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

'तुला वास नाही आला तेलाचा?' त्यांनी विचारलं.

'यायचा की.'

'मग बोलली का नाहीस?'

बाईंना एक वाक्य पुरं करायला आता तीन दम लागत. 'तीस वर्षं त्याच वासात राहिले. मला काय माहीत, वाईट असतो.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'आणि सकाळी फिल्टर घेऊन यायचात ना, तेव्हा तुमचा चेहरा बरा दिसायचा. बाकी तुमच्या हातात काय होतं? तेवढंही कसं काढून घेऊ?'

 मास्तरांनी बाईंचा हात धरला, पण चिमटा लावलेलं बोट सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मास्तर घरभर फिरत होते. कपडे पिशवीत भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. बाईंनी त्यांना जवळ बोलावलं. घाट राहू द्या, म्हणाल्या, गाडी यायच्या आत एकदा शिट्टी तरी ऐकवा.

एवढं तर जमण्यासारखं होतं. मास्तर घराचा जिना उतरून खाली गेले, राखाडी गाडीत बसले, किल्ली लावली आणि तिथंच थांबले. गाडी बरोबर बाईंच्या खिडकीखाली उभी होती. इंजिन चालू केलं की धूर वर जाणार होता. त्यांनी किल्ली काढून घेतली. मग दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर आणि खांदा दाराच्या चौकटीला लावून, त्यांनी ती गाडी ढकलायला सुरुवात केली. पासष्ट वर्षांचा माणूस, एकटा. शेजारच्या दुकानदारानं मदतीला हाक दिली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. गल्लीच्या पार टोकाला, वारा पलीकडे वाहत होता तिथं, त्यांनी गाडी उभी केली आणि चालू केली. पाय दाबला. ब्लोअरची शिट्टी चढली, बारीक, घाटाच्या शेवटच्या वळणावर चढायची तशीच. ती त्यांनी तीन वेळा वाजवली. तिसऱ्या वेळी पाय बराच वेळ दाबून धरला.

धापा टाकत ते जिना चढून वर आले. बाई उशीला टेकून खिडकीकडं बघत होत्या.

'ऐकलीस?' मास्तरांनी विचारलं.

बाईंनी मास्क थोडा उचलला. त्या हसत होत्या. 'ऐकली ना. छान मारली लेकानं,' त्या म्हणाल्या, आणि टाळी वाजवावी म्हणून त्यांनी एक तळवा दुसऱ्यावर ठेवला.

खालून दवाखान्याच्या गाडीचा हॉर्न आला, अगदी खिडकीखाली असून दबका, पुसट. मास्तर उत्तर द्यायला म्हणून खिडकीपाशी गेले. खिडकी बंद होती. दोन्ही काचा घट्ट लावलेल्या आणि फटीत ओलं फडकं कोंबलेलं. धूळ यायला नको म्हणून सकाळी त्यांनीच कोंबलं होतं.